हिरवीचा लगाम

११ मार्च

काका,

फोन तीन वेळा लावला. तुम्ही उचलता, "कोण? मोठ्याने बोला!" म्हणून ओरडता आणि माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवून देता. चाळीस वर्षं गॅरेजातली ठोकठोक ऐकून कान गेले, त्याला तुम्ही तरी काय करणार! म्हणून पत्र लिहितेय. बाबांच्या अंत्यविधीला आले आणि दोन दिवसांत तुमच्याशी धड न बोलता परत फिरले, ते तुम्हाला लागलं असेल. 

न बोलण्याचं कारण सांगते. तो चौकशी अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या वडिलांचं घरात काही बिनसलं होतं का?" मी म्हटलं, का हो? तर म्हणाला, धरणाच्या उतारावर एक रस्ता दुरुस्त करणारा माणूस होता. त्याने बाबांना जाताना पाहिलं. वळण जवळ आलं तरी इंजिनाचा आवाज उतरला नाही, उलटा चढत गेला. कठडा तुटेपर्यंत चढत गेला. म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर होता. 

काका, बाबांनी मुद्दाम केलं का? मला याचं उत्तर हवंय, आणि गोड बोलून दिलेलं नकोय. बाबांची गाडी, आपली हिरवी, तुमच्या ताब्यात मिळाली की ती उघडून बघा. तिला तुमच्याइतकं ओळखणारं आता कुणी उरलं नाही.

मी कामावर जाते, वजनकाटे दुरुस्त करते, खोलीवर येते. तिसरा मजला आहे. खिडकीची फळी वर सरकवली की आपोआप खाली येते, तिला एक लोखंडी कांब लावून उघडी धरलीय. त्या फटीपाशी बसते आणि तोच तोच विचार करते.

तुमची
वायसर

१९ मार्च

चि. वायसर,

पत्र मिळालं. तू न बोलता गेलीस ते मला मुळीच लागलं नाही. तुझी काकू म्हणाली, "पोरगी तुमच्यावर रागावलीय." मी म्हटलं, रागावली असती तर बोलली असती, ती आमच्या घराण्यातली आहे.

आता मुद्द्याचं. त्या अधिकाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस. त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. हिरवी त्यांच्या आवारात पडलीय, मी बघायला गेलो होतो. लांबूनच बघू दिली. नाकाचा पार चुराडा झालाय. बॉनेट उचकटलेलं होतं, आत आपले रंगाचे ठिपके दिसत होते. तर हा मला विचारतो, "ही गाडी आहे की पोपट?" त्याला समजावून सांगितलं, बाबा रे, आमच्या गॅरेजात नट आवळला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, हा नियम आहे. पांढरा ठिपका माझ्या दादाचा, लाल माझा, पिवळा पुतणीचा. ज्याचा रंग त्याची जबाबदारी. उद्या काही ढिलं झालं तर कुणाचा कान धरायचा ते लगेच कळतं. तो म्हणाला, "छान पद्धत आहे," आणि जांभई दिली.

दादा स्वतःचा जीव घेईल? अगं, दाढदुखीला घाबरून चार महिने सुजलेल्या गालाने फिरणारा माणूस तो! आणि जीव द्यायचाच असता तर हिरवीला सोबत घेऊन दिला असता का? साठ वर्षांची इंग्रज बाई, दोनच सीट, पाऊस आला की आत जास्त आणि बाहेर कमी. पण तिच्यावर ओरखडा आला तर दादा दोन घास कमी जेवायचा. तिला त्याने दरीत घातली असती, हे मला कुणी लिहून दिलं तरी पटणार नाही.

पण तू गोड बोलणं नको म्हणालीस. ठीक आहे. महिनाअखेर गाडी मिळेल. मग बघतो.

जेवत जा. दोन दिवसांत बघितलं तर हाडं मोजता येत होती.

तुझा
काका

२ एप्रिल

काका,

तुमच्या पत्राने हसू आलं आणि मग खूप रडू आलं. तुम्हाला सगळं माहीत नाही, म्हणून तुम्ही इतक्या खात्रीने बोलता. आता सांगूनच टाकते.

फेब्रुवारीत मी आठवडाभर घरी आले होते ना, तेव्हा बाबांनी फाटकातून गाडी बाहेर काढताना खांबाला घासली. आजारपणानंतर त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, स्टिअरिंग हातात आहे की नाही हेच कळायचं नाही. शिवाय हिरवीची ती गुणगुण. स्टिअरिंगमधून हाताला मुंग्या आल्यासारखं व्हायचं त्यांना. मी म्हटलं, गाडी विका. ते म्हणाले, आधी मला विक. तेव्हा हसण्यावारी गेलं. शेवटचे दोन दिवस तर फार छान गेले. मी त्यांच्यासाठी एक छोटंसं काम केलं होतं, त्यांना न सांगता. त्याने ते इतके खूश झाले! मला बाजूला बसवून गावाबाहेर फिरवून आणलं, "बघ, लोण्यासारखी चालतेय," म्हणत होते.

मग मी इथे आले आणि तीन आठवड्यांनी शेजारच्यांचा फोन आला, की बाबांनी शाळेसमोर ब्रेक उशिरा लावला आणि एक पोरगं थोडक्यात वाचलं. माझं डोकंच फिरलं. मी बाबांना फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. शेवटी मी म्हणाले, "कुणाच्या तरी पोराला चिरडण्याआधी तुम्हीच एकदाचं काय ते आटपा!"

काका, असं बोलले मी. स्वतःच्या बापाला. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी ते धरणाच्या उतारावर गेले.

आता सांगा, तो चढत गेलेला आवाज कशाचा होता?

वायसर

६ एप्रिल

वायसर, पोरी,

हे पत्र घाईने लिहितोय, हात ग्रीसने भरलेत, कागदावर डाग पडतील, चालवून घे. गाडी परवा आली. काल सकाळपासून तिच्यापाशी आहे.

दादाने मुद्दाम केलं नाही!! ऐकलंस? मुद्दाम केलं नाही. नीट वाच, तुला यातलं कळतं.

इंजिनाला पुढून पंखा असतो आणि पंख्यापुढे दोन बोटांवर रेडिएटर. गाडी आपटली तर पंखा रेडिएटरमध्ये घुसणारच, त्याचं काही नाही. पण मी रेडिएटर काढून उजेडात धरला, तर त्या ताज्या भगदाडाच्या कडेला मला जुने ओरखडे दिसले. गोल, चंद्रकोरीसारखे. आणि त्यांच्यावर हिरवा गंज चढलाय. हिरवा गंज एका दिवसात चढत नाही. म्हणजे अपघाताच्या आधीपासून, दोनतीन आठवडे तरी, जोरात ब्रेक मारला की इंजिन पुढे सरकत होतं आणि पंखा रेडिएटरला घासत होता.

आता पुढचं तूच सांग. पायाखालच्या पेडलापासून कार्बोरेटरपर्यंत काय जातं? दांडी. दांडीचं एक टोक गाडीच्या अंगाला, दुसरं इंजिनाला. इंजिन दोन बोटं पुढे गेलं की दांडी ताणली जाते आणि कार्बोरेटर उघडतो. पाय ब्रेकवर असतो, तरी गाडी धावते! घाबरून माणूस आणखी जोरात ब्रेक दाबतो, इंजिन आणखी पुढे येतं, कार्बोरेटर आणखी उघडतो. उतारावर त्या जुन्या ब्रेकांची काय कथा? तो आवाज चढत गेला, कारण दादा जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत होता. त्याला जगायचं होतं गं. शाळेसमोरही ब्रेक उशिरा लावला नसणार, गाडीनेच त्याला दगा दिला असणार.

तू बोललीस ते वाईट बोललीस. पण त्या बोलण्याने तो गेला नाही. हे मी तुला लिहून देतो.

आता इंजिन इतकं पुढे का आलं, ते बघायचंय. त्याचं उत्तर खाली असणार. उद्या गाडी वर चढवून खालून बघतो आणि लगेच कळवतो.

काका

२८ एप्रिल

काका,

"लगेच कळवतो" म्हणालात, त्याला तीन आठवडे झाले. बरे आहात ना? काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "जेवत नाहीत, बोलत नाहीत, गॅरेजला आतून कडी लावून बसतात." आणि मग म्हणाल्या, तुझ्या पत्राचं नाव काढलं की उठून जातात. मी काही चुकीचं लिहिलं का?

तुमचं ते डागाळलेलं पत्र मी पिशवीत घेऊन फिरते. कामावर जेवणाच्या सुट्टीत काढून वाचते. "त्याला जगायचं होतं गं," एवढीच ओळ. दीड महिन्यात पहिल्यांदा मला सलग झोप लागली. ते श्रेय तुमचं.

आता एकच राहिलंय. कुणी केलं हे? इंजिनाखालचं रबर कुजलं, की कुणाचा हलगर्जीपणा? मागे ती गाडी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात गेली होती का? कुणाचा हात लागला असेल तर मला त्याचं नाव कळलं पाहिजे. त्याला मी सोडणार नाही, काका. माझ्या बापाचा जीव गेला आणि वर महिनाभर मी स्वतःला खुनी समजत राहिले.

वाट बघतेय.

वायसर

९ मे

चि. वायसर,

उशीर झाला. लिहायला बसायचो आणि उठायचो. आता एका दमात लिहितो, तूही एका दमात वाच.

तू कार्बोरेटर आणि वायरिंगमधली. गाडीखाली दादा तुला कधी जाऊ द्यायचा नाही, म्हणून तुला हे माहीत नसेल. हिरवीच्या जातीच्या गाड्यांना इंजिन दोन रबरी ठोकळ्यांवर बसवलेलं असतं. ब्रेक मारला की ते पुढे यायला बघतं. म्हणून खालून, गिअरबॉक्सपासून गाडीच्या चौकटीपर्यंत एक कांब लावतात. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकांना आटे, प्रत्येक टोकाला नट आणि रबराच्या चकत्या. पुस्तकात तिचं नाव काय असेल ते असो, आम्ही भाऊ तिला लगाम म्हणायचो. दिसायला काहीच नाही. पण ती असली तर रबर फाटलं तरी इंजिन जागचं हलत नाही.

हिरवीला लगाम नाही. तुटलेला नाही, काढलेला आहे.

मी काढला. जानेवारीअखेरीस. चकत्या कडक झाल्या होत्या, त्यामुळे इंजिनाची सगळी थरथर चौकटीत उतरायची, तीच ती गुणगुण. दादाच्या हाताला त्रास व्हायचा म्हणून काढला, नव्या चकत्या मागवल्या की परत लावू म्हटलं, आणि विसरलो. इंजिनाचे रबरी ठोकळे तेल पिऊन मऊ पडलेत, हेही मला आधीपासून माहीत होतं. लगाम आहे तोवर चिंता नाही, असं म्हणून मीच ते काम पुढे ढकललं होतं. लगाम ज्यात अडकवतात त्या लोखंडी कंसाच्या नटावर ठिपका आहे. लाल. ज्याचा रंग त्याची जबाबदारी.

तुला नाव हवं होतं ना, हे घे नाव.

अधिकाऱ्याला सगळं लेखी दिलंय. यावेळी त्याने जांभई दिली नाही. गॅरेजला त्यांचं कुलूप लागलंय. १२ जूनला सुनावणी आहे. वकील म्हणतो, वय बघून थोडक्यात सुटाल, नाहीतर वर्षभर आत. तुझी काकू रडते. मी तिला म्हटलं, आत तरी निदान बिनतेलाचं खायला घालतील.

तू माझं तोंड बघू नकोस, हक्क आहे तुला. येऊही नकोस. फक्त दादाबद्दल जे लिहिलं ते खरं आहे, त्यावर विश्वास ठेव आणि तुझ्या कामाला लाग.

काका

१७ मे

काका,

तुमचं पत्र खिडकीपाशी बसून वाचलं. "वीतभर लांब, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकांना आटे" इथपर्यंत आले आणि मान वर केली. खिडकीची फळी तिच्यावरच टेकलेली होती. कांब माझ्याकडे आहे, काका. फेब्रुवारीपासून माझ्या खिडकीत आहे.

बाबांना डॉक्टरकडे सोडून मी परत आले होते. तासभर मोकळा होता. ती गुणगुण कुठून येते ते शोधायचंच, असं ठरवून मी गाडीखाली शिरले, आयुष्यात पहिल्यांदा. या कांबेला हात लावला की थरथर हाताला लागायची. मला वाटलं, नंतर कुणीतरी जोडलेलं काहीबाही असेल. दोन नट सोडले, कांब काढली, इंजिन चालू केलं, तर आवाज एकदम मऊ. मला इतका आनंद झाला! बाबा ओरडतील म्हणून सांगितलं नाही. कांब बॅगेत टाकली, तुम्हाला नंतर दाखवू म्हणून, आणि इथे खिडकी पडायची तर तिला लावून मोकळी झाले. करायला गेले एक आणि झालं हे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

तुम्ही गाडी वर चढवलीत आणि तुम्हाला काय दिसलं ते मला माहीत आहे. कांब काढल्यावर तिचा कंस ढिला पडला होता. त्याचे नट मी परत आवळले आणि सवयीने ठिपका दिला. चोरून केलेल्या कामावरसुद्धा! पिवळा, काका. तिथे लाल नव्हताच कधी. तुम्ही तीन आठवडे गॅरेजला कडी लावून बसलात आणि त्यावर आपला लाल चढवलात. 

मी लिहिलं होतं, कुणाचा हात लागला असेल त्याला सोडणार नाही. ते पत्र तुम्ही हातात धरून वाचलंत आणि उत्तरात स्वतःचं नाव लिहिलंत.

तुम्हाला वाटलं, पोरगी एका ओझ्यातून आत्ताच सुटलीय, दुसरं कशाला द्यायचं. पण ओझं माझंच आहे. बाबा माझ्या बोलण्याने गेले नाहीत, माझ्या हाताने गेले. आणि ते त्यांच्या सुखासाठी करायला गेले होते मी, याने काही हलकं होत नाही, उलट जास्तच चावतं. ते गाडीत बसून हसत होते आणि मी शेजारी बसून मनात फुशारत होते. त्या फेरीत दोनदा ब्रेक लागला तेव्हा समोरून खर्र आवाज आला होता. मी ऐकला होता. बाबांना म्हटलं, खडी असेल.

तरी तुम्ही एक गोष्ट मला खरी दिलीत. ते ब्रेक दाबत होते. ती मी कुणाला परत देणार नाही.

तुम्ही "येऊ नकोस" म्हणून आणखी एक पत्र टाकाल. टाकू नका, ते येईल तेव्हा मी इथे नसेन. खोली सोडली, नोकरीवर कळवलं. कांब जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतलीय. खिडकी पडली ती पडलीच, आता बंद आहे. १२ जूनच्या आधी अधिकाऱ्यासमोर ती कांब मी ठेवणार, आणि माझा जबाब मी लिहून देणार. तुमच्यावर खोटं बोलल्याचा ठपका येईल, तेवढा तुम्ही सोसा, माझ्यासाठी नाही तर काकूंसाठी सोसा. ठोकळ्यांचं काम तुम्ही पुढे ढकललंत, ते तुमचं तुम्ही सांगा. बाकीचं माझं आहे.

काकूंना सांगा, सोमवारी दुपारी पोचते. आणि कुलूप उघडून घ्यायची परवानगी तेवढी मागून ठेवा. त्या नटावरचा लाल मला माझ्या हाताने खरवडायचाय. खाली पिवळा अजून असेल, मी दोन हात दिले होते.

तुमचीच
वायसर